रेफरन्स नंबर सात

जॉर्ज बूल या गृहस्थांशी इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याची ओळख दुसऱ्या वर्षी होते आणि परीक्षा संपली की तुटते. मधल्या काळात तो बूलच्या नावानं अँड गेट काढतो, ऑर गेट काढतो, नॉट गेटच्या टोकाचा छोटा गोल काढायला विसरून मार्क घालवतो, के-मॅपमधल्या एकांचे गट पाडतो आणि ‘बूलियन अल्जिब्राचे नियम लिहा’ या प्रश्नाचं पानभर उत्तर लिहितो. इथवर सगळं ठीक असतं. पुढं दोन वर्षांनी हाच मुलगा बीई प्रोजेक्टसाठी कॉलेजच्या डिजिटल लायब्ररीत येऊन बसतो, समोर रिसर्च पेपरांचा डेटाबेस उघडतो आणि शोधाच्या चौकटीत टाइप करतो : ‘स्मार्ट डस्टबिन फुल प्रोजेक्ट विथ कोड अँड पीपीटी फ्री डाऊनलोड’.

या वाक्यात ‘अँड’ आहे, हे मान्य. पण तो बूलचा नाही.

बूल हा इंग्लंडातल्या लिंकन गावच्या एका जोडे शिवणाऱ्या कारागिराचा मुलगा. विद्यापीठाची पदवी त्याच्याकडे नव्हती. मिळतील तिथून पुस्तकं मिळवून तो गणित शिकला आणि १८४९ मध्ये आयर्लंडातल्या कॉर्कच्या कॉलेजात थेट प्राध्यापक झाला. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ एवढ्यावर विचारांचं गणित मांडता येतं, हे त्यानं दाखवलं. १८६४ च्या हिवाळ्यात तो भर पावसात चालत कॉलेजला गेला, ओल्या कपड्यांत लेक्चर घेतलं, आजारी पडला आणि त्यातच वारला. आमच्याकडे नुसतं आभाळ भरून आलं तरी अर्ध्या वर्गाला घरूनच कणकण जाणवायला लागते, तेव्हा हा प्रसंग मी मुलांना मुद्दाम सांगतो. त्यावर एकानं मन लावून विचारलं होतं, ‘सर, मग ते लेक्चर कॅन्सल झालं का?’ बूलची बायको मेरी ही जॉर्ज एव्हरेस्टची पुतणी. म्हणजे ज्याचं नाव त्या शिखराला दिलंय, तो याचा चुलतसासरा. परीक्षेत हे विचारत नाहीत, त्यामुळे लक्षात राहतं.

बूलचं हे गणित विजेच्या स्विचांना लागू पडतं, हे क्लॉड शॅनननं १९३७ मध्ये एमआयटीतल्या मास्टर्सच्या प्रबंधात दाखवलं. आजचा कॉम्प्युटर उभा आहे तो त्यावर, आणि त्या कॉम्प्युटरवरचा शोधही त्याच तीन शब्दांवर चालतो. डिजिटल लायब्ररी हे कॉलेजातलं बहुधा एकमेव यंत्र असेल, ज्याच्या प्रत्येक सुट्या भागाची परीक्षा विद्यार्थ्यानं दिलेली असते आणि तरीही ते जोडून समोर ठेवलं की त्याला ओळखू येत नाही. त्यातला डेटाबेस त्यानं एका विषयात पास केलेला असतो, आयपी ॲड्रेस दुसऱ्या, गेट तिसऱ्या. आमच्या एका मुलाला तर ‘इन्फर्मेशन रिट्रीव्हल’मध्ये उत्तम मार्क होते. जे सापडलं त्यातलं कामाचं किती म्हणजे प्रिसिजन, आणि कामाचं जेवढं होतं त्यातलं सापडलं किती म्हणजे रिकॉल, हे त्यानं लोकल ऑथरच्या पुस्तकातून पाठ केलेलं. जो शब्द सगळ्याच कागदांत येतो त्याला शोधात वजन कमी द्यावं, ही कॅरन स्पार्क जोन्स या विदुषीनं १९७२ मध्ये मांडलेली कल्पनाही त्यानं सूत्रासकट लिहिली होती. मग प्रोजेक्टसाठी तो शोधायला बसला आणि त्यानं टाइप केलं : ‘पेपर’. रिसर्च पेपरांच्या साठ्यात ‘पेपर’. रिकॉल शंभर टक्के.

हे सगळं मी जवळून पाहू शकलो, कारण मी लायब्ररी कमिटीवर आहे. या कमिटीवर पुस्तकांची आवड बघून कोणी घेत नाही. जो ऐन वेळी स्टाफरूममध्ये बसलेला सापडतो, त्याला घेतात.

आमच्या ग्रंथपाल मॅडम दर वर्षी फर्स्ट इयरच्या मुलांना ओरिएंटेशन देतात. वेळ दुपारी दोन. मेसमध्ये त्या दिवशी हमखास काहीतरी तळलेलं असतं. दीडशे मुलं सभागृहात, पंखे मंद, दिवे बंद आणि पडद्यावर डॉ. एस. आर. रंगनाथन यांचा फोटो. मॅडम त्यांचे १९३१ चे पाच नियम सांगतात, त्यातला चौथा ठासून : वाचकाचा वेळ वाचवा. दीडशे वाचक त्या वेळेचा तिथल्या तिथं, मान खाली घालून, सदुपयोग करत असतात.

खरं तर रंगनाथन या मुलांना आवडावेत असे गृहस्थ. मूळचे गणिताचे शिक्षक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठानं त्यांना ग्रंथपाल केलं, तेव्हा त्या शांततेचा त्यांना इतका कंटाळा आला की ‘मला परत शिकवायला पाठवा’ म्हणून ते मागं लागले. वरिष्ठांनी त्यांना लंडनला पाठवलं. तिथं एका दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. पट्ट्या त्याच, नटबोल्ट तेच, हवं ते यंत्र जोडा. त्यावरून त्यांना पुस्तकांचे विषयही असेच सुटे करून जोडता येतील असं सुचलं आणि त्यातून १९३३ ची कोलन वर्गीकरण पद्धत आली. मेकॅनोवरून लायब्ररी उभी करणारा माणूस मेकॅनिकलच्या मुलांना बघता बघता जिंकेल, पण मॅडम तिथपर्यंत पोचतात तेव्हा अडीच वाजलेले असतात. शेवटी त्या विचारतात, ‘काही शंका?’ मागच्या रांगेतून एक हात वर येतो.

‘मॅडम, वायफायचा पासवर्ड?’

हा आमच्या ओरिएंटेशनमधला सगळ्यात जिवंत क्षण. सगळे जागे होतात, सगळे लिहून घेतात.

आता ‘डिजिटल लायब्ररी’ म्हटलं की परक्या माणसाच्या डोळ्यांसमोर इंटरनेटवरची अमूर्त गोष्ट येत असेल. आमच्याकडे ती खोली आहे. दारावर पाटी आहे, ‘कृपया चप्पल-बूट बाहेर काढावेत’ अशी सूचना आहे, एसी आहे आणि तो चालू असला की खोलीत मोज्यांचा वास आहे. आत शिरताना रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते : नाव, रोल नंबर, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, कामाचं स्वरूप, सही. पेन सुतळीनं टेबलाला बांधलेलं, त्यामुळे डावखुऱ्या मुलांच्या सह्या जरा आडव्या. ‘कामाचं स्वरूप’ या रकान्यात सकाळी पहिला आलेला मुलगा ‘प्रोजेक्ट वर्क’ लिहितो आणि मग खाली दिवसभर नुसती वरीलप्रमाणेची दोन-दोन टिंबं. कागदोपत्री आमचं अख्खं कॉलेज तो पहिला मुलगा करत होता तेच करत असतं. तो पहिला मुलगा काय करत होता, हे एकट्या मामांना माहीत असतं.

मामा म्हणजे लायब्ररीचे अटेंडंट. इंजिनिअरिंग कॉलेजात प्रत्येक लॅबला एक मामा असतात आणि ते नसले तर प्रॅक्टिकल होत नाहीत, हे प्राचार्य सोडून सगळे जाणतात. कुठल्या मशीनचा माऊस डावीकडं ओढतो, कुठल्या कीबोर्डवरचा ‘ई’ जोरात दाबावा लागतो, जुन्या प्रश्नपत्रिकांचं फोल्डर कुठं आहे, हे सगळं मामांकडं. लायब्ररीचं सॉफ्टवेअर शिकायला त्यांना कोणी पाठवलं नाही. तरी एकदा एक मुलगी ‘व्हायब्रेशन’ टाकून कंटाळली, तेव्हा शेजारून जाता जाता मामा म्हणाले, ‘पूर्ण नाव कशाला टाकतीस? अर्धंच टाक, पुढं चांदणी दे. मग त्याच्या भावकीतली समदी येतात.’ ग्रंथालयशास्त्रात याला ट्रंकेशन म्हणतात. मॅडमच्या पीपीटीत त्यावर एक आख्खी स्लाइड आहे आणि ती कोणालाही आठवत नाही. मामांची चांदणी मात्र त्या मुलीनं हॉस्टेलच्या सगळ्या मजल्यांवर पोचवली.

विद्यार्थी डिजिटल लायब्ररी शिकतो ती अशी. ओरिएंटेशनमधून नव्हे; ज्या क्षणी ज्याची भीती वाटते, त्या क्षणी तेवढंच बटण शिकतो. त्याला सगळ्यात आधी येतं ते वर्षाचं फिल्टर. कारण गाईड पहिल्याच भेटीत म्हणतात, ‘बेस पेपर आणा. आय ट्रिपल ईचाच पाहिजे आणि लेटेस्ट पाहिजे.’ बेस पेपर ही आमच्याकडची खास संस्था. जगात लोक पेपर वाचून काय करायचं ते ठरवतात. आमच्याकडे काय करायचं ते आधी ठरतं, बहुतेक वेळा सीनियरनं केलेलं असतं म्हणूनच ठरतं, आणि मग त्याला शोभेल असा पेपर शोधतात. मुलगा डावीकडची वर्षाची पट्टी उजवीकडं सरकवतो. पहिल्या पानावर जे येतं ते, पंगतीत वाढलेलं मुकाट्यानं खावं तसं, उचलतो. पेपर चांगला की वाईट, हे तो एका नजरेत ओळखतो : दोन कॉलम असले की चांगला.

‘ऑर’ शिकायला आणखी वेळ लागतो आणि तो शिकवते निराशा. एका ग्रुपला स्मार्ट डस्टबिनवर मनासारखा पेपर मिळेना. (स्मार्ट डस्टबिन हा प्रोजेक्ट महाराष्ट्रात दर वर्षी इतक्या ठिकाणी होतो की खरं तर एव्हाना रस्त्यावर कागदाचा कपटा दिसता कामा नये.) मॅडमनी त्यांना विचारलं, ‘अरे, अमेरिकेतला माणूस डस्टबिन म्हणेल का?’ मुलं विचारात पडली. मग ट्रॅश आलं, गार्बेज आलं, वेस्ट बिन आलं, लिटर आलं. मॅडमनी कंसात सगळे शब्द ‘ऑर’ घालून ओळीनं मांडले, कंस बंद केला, पुढं ‘अँड’ आणि दुसऱ्या कंसात ‘आयओटी ऑर आर्डुइनो’. पडदा भरून पेपर आले. ग्रुपमधली एक मुलगी बराच वेळ त्या कंसांकडं बघत होती. मग म्हणाली, ‘मॅडम, हे तर सम ऑफ प्रॉडक्ट्सचं उलटं झालं. प्रॉडक्ट ऑफ सम्स!’ मॅडमना ते काय असतं हे माहीत नव्हतं आणि मुलीला ते इथं चालतं हे माहीत नव्हतं. मी तिथं होतो. दोघी एकमेकींकडं ज्या आदरानं बघत होत्या, तो आदर पदवीदान समारंभातही सहसा दिसत नाही.

‘साइट धिस’ हे बटण रात्री दोनला सापडतं, सबमिशनच्या आदल्या रात्री. तोवर ग्रुपमधला एक जण चौकटी कंसातले आकडे, लेखकांची आद्याक्षरं आणि स्वल्पविराम हातानं टाइप करत असतो आणि बाकीचे तिघं मॅगी करत असतात. बटण सापडल्यावर तो ओरडतो, ते वॉर्डनच्या खोलीपर्यंत ऐकू जातं.

पासवर्ड हे वेगळं प्रकरण. नॅशनल डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया ही आयआयटी खरगपूरनं उभारलेली, १९ जून २०१८ रोजी देशाला अर्पण केलेली. शाळेच्या पुस्तकापासून संशोधनापर्यंत सगळ्याचा शोध तिच्यात एका खिडकीतून घेता येतो, आणि तेही फुकट. आमच्याकडे तिच्या नोंदणीचा एक दिवस असतो. त्या दिवशी वर्गाच्या वर्ग रांगेनं आणून बसवतात, कारण किती नोंदण्या झाल्या हा आकडा वर कळवायचा असतो. सगळे नोंदणी करतात, सगळ्यांचा पासवर्ड एकच असतो आणि तो सगळेच विसरतात. मग ते गूगल स्कॉलरकडं जातात. तो २००४ मध्ये सुरू करणाऱ्या दोघांपैकी अनुराग आचार्य हे आयआयटी खरगपूरचेच विद्यार्थी, त्यामुळे पासवर्ड विसरला तरी मुलगा खरगपूरच्या हातून सुटत नाही.

महागड्या डेटाबेसांना पासवर्ड लागत नाही, तिथं कॉलेजचा आयपी ॲड्रेस बघतात. आवारात आहात तर आत या, आवाराबाहेर आहात तर डॉलर काढा. आता आवार कुठं संपतं, हे प्रकाशकाच्या लेखी वेगळं आणि वायफायच्या लेखी वेगळं. आमच्या मेकॅनिकलच्या इमारतीचा राउटर जरा जोरकस आहे. त्याचं सिग्नल कंपाउंडची भिंत ओलांडून रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर व्यवस्थित मिळतं. त्यामुळे टपरीचे मालक हे तांत्रिकदृष्ट्या जगभरच्या इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग संशोधनाचे अधिकृत लाभार्थी आहेत. त्यांना याची कल्पना नाही. पोरं लॅपटॉप घेऊन एकाच बाकड्याच्या एकाच टोकाला दाटीवाटीनं का बसतात आणि कटिंग संपली तरी का उठत नाहीत, याचं त्यांना गूढ आहे. लिटरेचर सर्व्हे तिथं जेवढा होतो तेवढा मोज्यांच्या वासात होत नाही.

याच आयपी ॲड्रेसनं एकदा कॉलेज हादरलं. थर्ड इयरच्या एका मुलाला गाईडनी सांगितलं, ‘किमान वीस पेपर वाच.’ वीस पेपर एकेक क्लिक करून उतरवायचे, हे त्याच्यातल्या इंजिनिअरला सहन होईना. त्यानं पायथनमध्ये एक स्क्रिप्ट लिहिली आणि रात्री चालू करून झोपला. सकाळपर्यंत स्क्रिप्टनं निष्ठेनं हजारांच्या घरात पेपर आणून टाकले होते, प्रकाशकाच्या सर्व्हरला शंका आली होती, आख्ख्या कॉलेजचा आयपी बंद झाला होता आणि मॅडमना अत्यंत सभ्य इंग्रजीत एक धमकी आली होती. नोटीस लागली. चौकशी समिती नेमली. समितीत मी होतो, कारण मी स्टाफरूममध्ये बसलो होतो. मुलाला विचारलं, ‘यातले वाचलेस किती?’ तो म्हणाला, ‘सर, ते वाचायची स्क्रिप्ट अजून व्हायचीय.’ त्याला समज दिली, लेखी माफी घेतली. पुढं कॅम्पस इंटरव्ह्यूत त्यानं हाच प्रसंग ‘रिअल-वर्ल्ड ऑटोमेशन एक्स्पिरियन्स’ म्हणून सांगितला आणि वर्गात सगळ्यांआधी त्याचीच निवड झाली.

पैशांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं ‘एक राष्ट्र, एक सबस्क्रिप्शन’ मंजूर केलं : तीन वर्षांना ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं आणि ६,३०० च्या वर संस्था. ऐकून छाती फुगते. फक्त या संस्था सरकारी, आणि आमचं कॉलेज खाजगी. फीच्या पावतीवर तसं स्पष्ट दिसतं. मग आमची मुलं काय करतात? दहावीला शेजारच्या बाकावर बसणारा, सीईटीत चार मार्क जास्त पडून सरकारी कॉलेजात गेलेला एखादा मित्र प्रत्येकाला असतोच. त्याला मेसेज जातो : ‘भावा, एवढा एक पेपर काढून दे ना.’ दोन मिनिटांत पीडीएफ आणि खाली ‘पार्टी?’. दिल्लीतल्या ग्रंथालयांनी आपसात पुस्तकं देता-घेता यावीत म्हणून १९८८ मध्ये डेलनेट सुरू केलं, त्यामागं समित्या होत्या, अहवाल होते. आमच्या मुलांनी तीच सेवा व्हॉट्सॲपवर, दहावीच्या बॅचच्या ग्रुपमध्ये उभी केली आणि त्यासाठी वडापाव हे चलन ठरवलं. एक चोरवाटही होती. अलेक्झांड्रा एल्बाक्यान या कझाकस्तानच्या तरुणीनं २०११ मध्ये काढलेली साय-हब ही साइट. तिच्यावर प्रकाशकांनी २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात खटला भरला आणि २०२५ मध्ये ती भारतात बंद करायचा आदेश झाला. त्या दिवशी ज्यांनी हळहळ व्यक्त केली, त्यांत विद्यार्थी थोडे होते. पीएचडी करणारे प्राध्यापक जास्त.

समिती तपासणीला येते त्या दिवसाचं वर्णन केलं नाही तर अन्याय होईल. आदल्या दिवशी मशीनांवरची धूळ पुसतात, सुतळीच्या जागी पितळी साखळी येते आणि निवडक वीस मुलांना इस्त्रीचे शर्ट घालून अकरा ते एक डिजिटल लायब्ररीत बसायला सांगतात. काय करायचं? काही करू नका, पडद्यावर दोन कॉलम दिसू द्या. गेल्या खेपेला समितीतले एक ज्येष्ठ सर थेट एका मुलापाशी गेले आणि मायेनं म्हणाले, ‘छान! कुठला डेटाबेस वापरता तुम्ही?’

मुलगा ताडकन उभा राहिला. ‘मायएसक्यूएल, सर!’

सर पुढं गेले. शेजारच्याला विचारलं, ‘तू काय शोधतोयस?’ त्याला तयारी करून घेताना एवढंच सांगितलेलं की आत्मविश्वासानं बोल. तो म्हणाला, ‘ज्ञान, सर.’ अहवालात डिजिटल लायब्ररीबद्दल चांगलं लिहून आलं.

वाचलेल्या गोष्टीचं पुढं काय होतं, तेही जाता जाता. रिपोर्ट लिहून झाला की तो उचलेगिरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जातो. यूजीसीचे २०१८ चे नियम दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याकडं दुर्लक्ष करतात. त्यामुळे हॉस्टेलवर मार्चमध्ये एकमेकांना तब्येत विचारावी तसे आकडे विचारले जातात. ‘तुझं किती?’ ‘चौतीस. काल एक्केचाळीस होतं.’ हा आकडा उतरवायला मुलं वाक्यं फिरवून देणाऱ्या सॉफ्टवेअरकडं जातात आणि ते इमानदारीत प्रत्येक शब्द बदलून देतं. गियोम काबानाक आणि त्यांच्या साथीदारांनी २०२१ मध्ये असे छळलेले शब्दप्रयोग छापील संशोधनात शोधले, तर कुठं ‘कृत्रिम बुद्धिमत्ते’ची ‘बनावट जाणीव’ झालेली. आमच्या एका रिपोर्टमध्ये कचऱ्याच्या डब्यातला सेन्सर ‘भावनाप्रधान उपकरण’ होऊन बसला होता. टक्केवारी नऊ. पास.

आणि आता तर शोधण्याचीच गरज संपली, असं मुलांना वाटतं. चॅटबॉटला सांगायचं, ‘स्मार्ट डस्टबिनवर दहा रेफरन्स दे, आय ट्रिपल ई फॉरमॅटमध्ये.’ तो देतो. चौकटी कंस, आद्याक्षरं, खंड, अंक, पानं, डीओआय, सगळं जिथल्या तिथं. मॅगी गार व्हायच्या आत लिटरेचर सर्व्हे तयार.

यंदाच्या एका ग्रुपचा रिपोर्ट माझ्याकडे आला. मी सहज रेफरन्स नंबर सातवर बोट ठेवलं. नाव भारदस्त होतं, विषय नेमका आमच्या डब्याचा. ग्रुप लीडरला म्हटलं, ‘हा वाचलास?’

‘हो सर. म्हणजे, ओव्हरव्ह्यू घेतलाय.’

‘मग प्रिंट आण त्याची.’

तो गेला. अर्ध्या तासानं फोन : ‘सर, डाऊनलोड होत नाहीये, सर्व्हर डाऊन असेल.’ मी म्हटलं, ‘मॅडमना विचार.’ मॅडमनी त्याला पूर्ण शीर्षक अवतरणचिन्हांत टाकायला लावलं. शून्य. चिन्हं काढून टाकायला लावलं. डबे आले, पण हा डबा आला नाही. मग लेखकाच्या नावानं शोधलं. लेखक निघाला! मुलाचा जीव भांड्यात पडला. पण तो तैवानात समुद्राखालच्या केबलींवर काम करणारा. कचऱ्याशी त्याचा आयुष्यात संबंध आलेला नाही. मग नियतकालिक शोधलं. तेही खरं. त्याचा तो खंड उघडला, तो अंक उघडला, अनुक्रमणिका वरून खालपर्यंत वाचली. अंक दोनशे चाळीसाव्या पानाला संपत होता आणि रेफरन्स अकराशे तेविसाव्या पानावर होता. मग डीओआय. हा आकडा म्हणजे पेपरचा कायमचा पत्ता, सुरुवातीचे १०.११०९ पाहिले की तो आय ट्रिपल ईचा हे मॅडम न बघता सांगतात. आकडा टाकला; उत्तर आलं की असा डीओआय अस्तित्वातच नाही. तोवर बाकीचे तिघंही येऊन उभे राहिले होते, मामांनी एक जादा खुर्ची आणली होती आणि त्या खोलीत पहिल्यांदाच कोणी घड्याळाकडं बघत नव्हतं. एकानं ‘ऑर’ घालून शीर्षकाचे वेगवेगळे तुकडे तपासले. दुसऱ्यानं त्या तैवानी लेखकाच्या सगळ्या पेपरांची यादी वर्षवार लावली. तिसऱ्यानं लेखकाचं आडनाव अर्धं टाकून पुढं चांदणी दिली, स्पेलिंगची चूक असेल तर सापडेल म्हणून. त्यांच्यापैकी कोणीही आजवर खऱ्या पेपरसाठी एवढं केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चौघंही माझ्या केबिनमध्ये हजर. चेहऱ्यावर नापास झाल्याचा मागमूस नाही. ग्रुप लीडरनं पीपीटी केली होती. सात स्लाइड. शीर्षक, शोधाची पद्धत, वापरलेले डेटाबेस, कंसांसकट शोधवाक्यं, निकालांचा तक्ता आणि शेवटी ठळक अक्षरांत निष्कर्ष : सदर पेपर अस्तित्वात नाही. मी पाहिलेल्या सगळ्या लिटरेचर सर्व्हेंमध्ये हा सर्वोत्तम होता. मी तसं म्हणालो. चौघं फुलून गेले. एकानं विचारलंसुद्धा की यावर पेपर होईल का, आणि मीही क्षणभर विचार केला.

मग मी रिपोर्टचं शेवटचं पान उघडलं.

‘सातवा झाला. बाकीचे नऊ?’

चौघांनी एकमेकांकडं पाहिलं. पहिला भानावर आला तो लीडर. ‘सर, मॅडम किती वाजेपर्यंत असतात?’ म्हणाला, आणि उत्तर यायच्या आत चौघंही जिन्यावर पोचले होते.